घर फिरलं, की वासे?

पॅथॉलॉजी विभागात केराटिनला कुणी फारसा भाव देत नाही. ते रोज लागतं, पण एका प्रश्नापुरतं. स्लाइडवरच्या या वेड्यावाकड्या पेशी मुळात अस्तरातल्या आहेत का? केराटिन पॉझिटिव्ह आलं तर बहुधा कार्सिनोमा. नाही आलं तर लिम्फोमा, मेलानोमा, सार्कोमा यांच्याकडे वळायचं. "मॅडम, पॅन-सीके स्ट्राँग आहे, एलसीए निगेटिव्ह," म्हणजे केराटिन आहे, लिम्फोमाची खूण नाही, एवढं रेसिडेंटनं दारातून सांगितलं की निम्मं काम झालेलं असतं. हे प्रथिन त्या पेशीत बसून करतंय काय, असं कुणी विचारत नाही. पुढचा ट्रे येऊन पडलेला असतो.

मी मराठवाड्यातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचा वाटा मोठा. गालाच्या आत, खालच्या हिरडीच्या कडेला, जिथे तंबाखूची चिमूट किंवा गुटख्याचा तोबरा धरतात, बरोबर त्याच जागी. बायकांमध्ये मिश्री. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. पुड्या कुठे मिळतात ते माझ्यापेक्षा वाचकांना जास्त ठाऊक असेल. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण होते. त्यातले किती गुटख्याचे, किती पानाचे, किती मिश्रीचे, हा हिशेब मांडणं माझं काम नाही. माझ्याकडे येतो तो तुकडा.

मोठ्या शहरात पॅथॉलॉजिस्ट आणि रुग्ण यांची सहसा गाठ पडत नाही. आमच्याकडे रिपोर्ट न्यायला घरचा माणूस स्वतः येतो, पाकीट हातात घेतो आणि ते न उघडताच विचारतो, "मॅडम, पसरलाय का?" कॅन्सर आहे की नाही, हे त्याला चेहऱ्यांवरून आधीच कळलेलं असतं. पसरण्याचा प्रश्न मात्र खरा, आणि तो विचारणाऱ्यांत मुलगा असतो, जावई असतो, कधीकधी खुद्द रुग्णही. या प्रश्नानंच मला केराटिनकडे पुन्हा बघायला लावलं. एरवी मी लावलं नसतं मन त्यात.

पेशीला आकार आणि ताकद येते ती तिच्या आतल्या सांगाड्यामुळे. त्यात धागे तीन प्रकारचे. ॲक्टिनचे धागे सर्वांत बारीक, साधारण ७ नॅनोमीटरचे. ट्युब्युलिनच्या पोकळ नळ्या सर्वांत जाड, २५ नॅनोमीटरच्या. आणि या दोहोंच्या मधले १० नॅनोमीटरचे, इंटरमिजिएट फिलामेंट्स. ॲक्टिन आणि ट्युब्युलिन बहुतेक सगळ्या पेशींत असतात, त्यामुळे निदानाला त्यांचा उपयोग कमी. मधले धागे मात्र पेशीच्या जातीप्रमाणे बदलतात. अस्तरात केराटिन, संयोजी ऊतीत व्हिमेंटिन, स्नायूत डेस्मिन. आमची रोजीरोटी या फरकावर.

केराटिन म्हणजे एक प्रथिन नव्हे, मोठं कुटुंब आहे, माणसात पन्नासच्या वर सदस्य असलेलं. ती जोडीनंच नांदतात, एक आम्लधर्मी आणि एक अल्कधर्मी. एकट्याचा धागा होत नाही. १९८२ साली रोलांड मोल, व्हर्नर फ्रांके आणि सहकाऱ्यांनी मानवी केराटिनांना क्रमांक देऊन यादी छापली. त्या क्रमांकांवर आमचा धंदा अजून चालतो. यकृतात गाठी आहेत आणि मूळ सापडत नाही, अशा वेळी सीके ७ आणि सीके २०, म्हणजे केराटिन ७ आणि २०, हे दोन मार्कर आधी लावले जातात. ७ निगेटिव्ह, २० पॉझिटिव्ह आलं की मी सर्जनना फोन करते, सर, मोठं आतडं दुर्बिणीनं बघून घ्या.

गालाच्या आतल्या अस्तरात तळाच्या थरात ५ आणि १४ ही जोडी असते, वरच्या थरांत ४ आणि १३. टाळूसारख्या घासल्या जाणाऱ्या जागी १ आणि १०. केराटिन ८ आणि १८ ही जोडी यकृताची, आतड्याची, ग्रंथींची, म्हणजे एकेरी अस्तराची. गालाच्या आतल्या पेशींच्या थरांत तिचं काही काम नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र ती येऊन बसलेली दिसते.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं आपण म्हणतो. पॅथॉलॉजिस्ट कॅन्सरकडे याच समजुतीनं बघतो. जनुकं बिघडली, पेशी बिघडली, मग तिच्या आतले धागेही बदलले. ८ आणि १८ दिसणं हा परिणाम. पण क्रम उलटा असला तर? वासे आधी फिरले आणि त्यांनी घर फिरवलं, असं होऊ शकतं का?

केराटिनला वासे म्हणणं ही नुसती बोलण्याची सोय नाही. १९९१ साली दाखवलं गेलं की केराटिन १४ च्या जनुकातल्या बिघाडानं एक त्वचारोग होतो; त्यात तान्ह्या बाळाला उचललं, कपडा घासला तरी कातडीला फोड येतात. तळाच्या थरातली पेशी मधोमध फाटते. फोडाच्या बायोप्सीत ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीनं कळत नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतं. अस्तर तोलून धरण्याचं काम केराटिनचं आहे, याला याहून वेगळा पुरावा नको. एका बाजूला ते शेजारच्या पेशीला बांधलेलं असतं, खालच्या बाजूला प्लेक्टिन आणि इंटेग्रिन यांच्यामार्फत तळाच्या पडद्याला. पेशीला पसरायचं असेल तर या दोन्ही गाठी सुटाव्या लागतात.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. डोळ्यांसमोर आलं ते एका जिभेच्या गाठीमुळे.

बीडकडचा ऊसतोड कामगार, पन्नाशीच्या आतला. जिभेच्या कडेवर लोंबती गाठ, दोन-तीन महिन्यांत वाढलेली. तुकडा आला, सेक्शन काढले, तर स्लाइडभर चाती­सारख्या लांबट पेशी, जुडग्यांनी वळत गेलेल्या. रेसिडेंटनं सार्कोमा लिहून ठेवलं होतं. दिसत होतं तसंच ते. पण वीस वर्षं तंबाखू खाल्लेल्या माणसाच्या जिभेवर सार्कोमा म्हणायला माझा हात धजत नाही. अशा ठिकाणी आधी लांबट पेशींचा कार्सिनोमा नाकारावा लागतो, आणि तो नाकारायला अस्तर शोधावं लागतं. गाठीचा वरचा भाग व्रणानं खाल्लेला होता. उरलेला सगळा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये घातला, खोलवरचे सेक्शन मागितले. एका ब्लॉकच्या टोकाला अस्तराची चिंधी मिळाली. तिच्यातल्या पेशी बिघडलेल्या होत्या, केंद्रकं मोठी, काळपट, वरच्या थरापर्यंत विभाजन चाललेलं.

मग आयएचसी, म्हणजे प्रतिपिंडं लावून पेशीतली प्रथिनं रंगवणं. आमच्याकडे स्वयंचलित यंत्र नव्हतं तेव्हा. अँटिजेन बाहेर काढायला स्टीलचा प्रेशर कुकर, घरात असतो तोच, फक्त वरणाच्या जागी सायट्रेट बफर. आमचे टेक्निशियन काका शिट्टी होऊ देत नाहीत, वाफ धरली की घड्याळ लावतात. पुढे प्रतिपिंड, मग डीएबी, तपकिरी रंग देणारं रसायन. डीएबी टाकल्यावर काका स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरून थांबतात आणि रंग चढताना बघतात. मिनिट इकडचं तिकडं झालं तर सगळंच तपकिरी होतं आणि मग काहीच कळत नाही. शेजारी टॉन्सिलचा कंट्रोल लावलेला असतो. तो नीट आला नसेल तर रुग्णाची स्लाइड ते माझ्या हातात देत नाहीत, कितीही घाई असली तरी.

व्हिमेंटिनला लांबट पेशी सगळ्या तपकिरी. केराटिनला बहुतेक निळ्याच, मधेमधे चिमूटभर तपकिरी ठिपके. आणि मग ती कड सापडली. नेहमीच्या खवलेदार कॅन्सरपेशींचं एक छोटं बेट, आत केराटिन गच्च. बेटाच्या मध्यभागी पेशी बहुकोनी, एकमेकींना चिकटलेल्या. कडेला येता येता त्या लांबायला लागल्या होत्या, एकमेकींपासून सुटायला लागल्या होत्या. केराटिनचा रंग तिथे फिका, तुटक. लगेचच्या सेक्शनवर व्हिमेंटिन पाहिलं, तर त्याच कडेवर ते उजळत गेलेलं. पेशी एका जातीतून दुसऱ्या जातीत जाताना रंगेहाथ सापडली म्हणावी, अशी ती जागा. मी रेसिडेंटला बोलावलं, काकांना बोलावलं. काका म्हणाले, "आता चहा सांगू का?"

गर्भात हे रोज घडत असतं. अस्तरातल्या पेशी सुटतात, फिरतात, दुसरीकडे जाऊन हाडं-स्नायू घडवतात. एलिझाबेथ हे या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात हा बदल नीट मांडला, आणि पुढे कॅन्सरवाल्यांनी तो उचलला. व्हिमेंटिन तेव्हापासून पसरणाऱ्या पेशीची खूण झालं. गंमत अशी की १९९४ साली व्हिमेंटिन अजिबात नसलेले उंदीर तयार केले, तर ते चांगले धडधाकट जन्मले. इतकं सर्वत्र असलेलं प्रथिन काढून टाकलं आणि काहीच बिघडलं नाही, म्हणून लोक चक्रावले. काही वर्षांनी कळलं की त्यांच्या जखमा नीट भरत नाहीत. पेशीला जागा सोडून जायची वेळ आली की व्हिमेंटिनची गरज पडते. जखम भरण्याची ही सामग्री कॅन्सर पसरायला वापरतो.

खूण आणि कारण यांतला फरक स्लाइड कधीच दाखवत नाही. स्लाइड म्हणजे मेलेला, फॉर्मॅलिनमध्ये थांबलेला क्षण. क्रम शोधायला जिवंत पेशी लागतात, आणि तिथे माझी विद्या संपते. सुदैवानं हा प्रश्न महाराष्ट्रातच कुणीतरी चिवटपणे धरून ठेवला होता. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथल्या मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेनं तोंडाच्या कॅन्सरमधल्या केराटिन ८ आणि १८ वर वर्षानुवर्षं काम केलं. २००४ च्या त्यांच्या निबंधात प्रयोग असा होता: गालाच्या अस्तरातून वाढवलेल्या पेशींत केराटिन ८ चं जनुक बाहेरून घातलं. पेशींत ८-१८ चे धागे तयार झाले, आणि पेशींची वागणूक कॅन्सरच्या दिशेनं सरकली. पुढे २०११ मध्ये उलट बाजूनं. तोंडाच्या गाठीपासून वाढवलेल्या पेशींत ८ कमी केलं, तर पेशींची हालचाल आणि घुसखोरी मंदावली, उंदरांमध्ये गाठ धरण्याची ताकद घटली. तळाच्या पडद्याला धरणारं आल्फा-६ बीटा-४ इंटेग्रिन आणि त्याच्यामार्फत आत जाणारे निरोप, हेही बदलले.

म्हणजे वासे घर फिरवू शकतात. निदान या घराचे तरी.

इथे थोडं विषयांतर. बशीत पेशी वाढवण्याचं तंत्र मुंबईत रुजवलं ते कमल रणदिवे यांनी. जन्म पुण्याचा, १९१७ चा. डॉक्टरेट १९४९ साली, डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली. आणि नंतर इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा. खानोलकर पॅथॉलॉजिस्ट होते, हे मी दर बॅचच्या रेसिडेंटांना मुद्दाम सांगते. पॅथॉलॉजी म्हणजे दिवसभर खाली मान घालून रिपोर्ट लिहीत राहणं, असं त्यांना दुसऱ्या वर्षापर्यंत वाटायला लागतं, आणि त्यांना तसं वाटू देण्यात आम्हा शिकवणाऱ्यांचा हात मोठा आहे.

पण खारघरचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचून मी टेबलावरून उठून गॅलरीत एक फेरी मारून आले होते. केराटिन ८ च्या धाग्यावर ठरावीक जागी फॉस्फेटचे रेणू चिकटतात आणि सुटतात. पेशी त्यानं धागे सैल करते, फिरवते. २०११ च्याच दुसऱ्या निबंधात त्यांनी दाखवलं की हे फॉस्फेट बसू दिलं नाही तर गाठ अधिक जोरात वाढते. रुग्णांच्या गाठींतही, जिथे फॉस्फेट हरवलेलं, तिथे गाठ मोठी आणि मानेत पसरण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे नुसतं केराटिन ८ आहे एवढं कळून भागत नाही. मी ज्या प्रतिपिंडानं ते रंगवते त्याला फॉस्फेट आहे की नाही याचं सोयरसुतक नसतं. माझा तपकिरी रंग दोन्हीकडे सारखाच चढणार.

त्यात लाइपझिगहून २०१३ साली आलेलं काम ठेवा. तिथे उंदराच्या त्वचापेशींतली सगळीच केराटिनं काढून टाकली. पेशी मऊ पडल्या, आणि मऊ पडल्यानं त्या अधिक सहज घुसू लागल्या. केराटिन म्हणजे अडसर! त्याच वर्षी बाल्टिमोरमधून स्तनाच्या कॅन्सरबद्दल निबंध आला: जथ्थ्यानं घुसणाऱ्या पेशींत पुढे राहणाऱ्या पेशी केराटिन १४ वाल्या असतात, आणि ते कमी केलं तर घुसणं थांबतं. केराटिन म्हणजे वाटाड्या! आणखी मागे जायचं तर १९९३ मध्ये केराटिन ८ नसलेले उंदीर गर्भातच मेले, आणि पुढच्या वर्षी वेगळ्या वाणाच्या उंदरांत तेच जनुक काढलं तर ते जगले, फक्त त्यांचं मोठं आतडं सुजून अस्तर बेसुमार वाढलं.

हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की पहिली प्रतिक्रिया चिडचिडीची होते. चांगलं म्हणायचं की वाईट? माझं मत असं झालंय की हा प्रश्नच फारसा शहाणा नाही. यकृतात केराटिन ८ पेशीला जपतं, गालात ते पेशीला बिघडायला मदत करतं; प्रथिन तेच, जागा वेगळी, जोडीदार वेगळा, फॉस्फेटचा हिशेब वेगळा. वर्तमानपत्रात 'कॅन्सर पसरवणारं प्रथिन सापडलं' अशी बातमी वर्षाकाठी चार वेळा येते. सापडलं कुठल्या पेशीत, हे त्या बातमीत शोधून बघा. सहसा नसतं.

आमच्या रोजच्या कामात केराटिनचा पसरण्याशी थेट संबंध येतो तो मानेच्या गाठींत. ऑपरेशनमध्ये काढलेल्या लसिकाग्रंथी मी चिरते, साध्या रंगात बघते. एखाद्या ग्रंथीच्या कडेच्या पोकळीत दोन-चार संशयास्पद पेशी दिसतात आणि खात्री होत नाही. तिथे पॅन-सीके लावलं की त्या निळ्या गर्दीत तपकिरी उठून दिसतात. ०.२ मिलिमीटरपेक्षा लहान पुंजकेही सापडतात. पण इथेही सावध राहावं लागतं. लसिकाग्रंथीत जाळी विणणाऱ्या काही निरोगी पेशींमध्ये केराटिन ८ आणि १८ असतंच. त्यांचे लांब हात तपकिरी होतात आणि नवख्या डोळ्याला कॅन्सरच पसरलेला वाटतो. तपकिरी म्हणजे कॅन्सर, असं समीकरण ज्यानं पाठ केलंय त्याच्या हातून रुग्णाला नको ते रेडिएशन मिळू शकतं. पेशीचा आकार, केंद्रक, जागा हे आधी, रंग नंतर.

आमचे एक तरुण सर्जन परिषदेहून आले की हमखास विचारतात, "मॅडम, व्हिमेंटिन लावून द्या ना, हा पसरणार का ते कळेल." मी त्यांना नाही म्हणते. रुग्णाच्या खिशातून पैसे जातात आणि त्या उत्तरावर उपचार बदलत नाहीत. बदलतात ते पट्टीनं मोजलेल्या आकड्यावर. गाठ शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळापासून किती मिलिमीटर खोल गेली, हा आकडा आज तोंडाच्या कॅन्सरच्या टप्प्यात मोजला जातो; ५ मिलिमीटरच्या पुढे गेली तर गाठ आकारानं लहान असूनही टप्पा वर चढतो. टाटा स्मारक रुग्णालयातून २०१५ साली आलेल्या अभ्यासानं तर जगभरची पद्धत बदलली. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत हाताला काही लागत नसतानाही पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेच्या ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते; गाठ आल्यावर काढू म्हणून थांबले त्या गटात ६७.५ टक्के. एवढा फरक कुठल्याही केराटिनच्या तपासणीनं अजून पाडलेला नाही. हे मी केराटिनवर प्रेम असूनही सांगते.

औषधांच्या बाजूला आलं तर सांगाड्यातल्या एकाच प्रथिनावर आपला हात बसलाय, ट्युब्युलिनवर. आणि ते औषध कुठून आलं? सदाफुलीतून. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात सदाफुलीचा अर्क मधुमेहासाठी तपासत होते. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघालं, पुढे व्हिनक्रिस्टिन. ही औषधं ट्युब्युलिनच्या नळ्या उभ्याच राहू देत नाहीत. यू नावाच्या झाडापासून आलेली टॅक्सेन गटातली औषधं उलट नळ्या मोडूच देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेलचं हे गुपित सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये उलगडलं. दोन्हीकडे परिणाम एक, पेशीला विभागता येत नाही. मज्जातंतूंनाही त्याच नळ्या लागतात, म्हणून केमोनंतर बोटांना मुंग्या येतात आणि शर्टाची बटणं लावताना जड जातं. ॲक्टिनवर औषध काढायचे प्रयत्न झाले. हृदयाचा स्नायूही ॲक्टिनवरच चालतो, तिथे गाडं अडतं.

व्हिमेंटिनच्या बाबतीत एक नाव मराठी घरात ओळखीचं आहे. अश्वगंधेतलं विदाफेरिन-ए हे रसायन व्हिमेंटिनला जाऊन चिकटतं, हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलंय. ते इतरही बऱ्याच प्रथिनांना चिकटतं. बशीतल्या पेशींवरचा हा प्रयोग आहे, चूर्णाच्या डबीवरचा नाही. केमो चालू असताना सदाफुलीची पानं चावून किंवा अश्वगंधेचा काढा पिऊन आलेले रुग्ण मी पाहिलेत, आणि त्यातल्या एका आजींना मी हात जोडून सांगितलंय की आजी, सदाफुलीच्या पानात विष किती आहे हे पानावर लिहिलेलं नसतं. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. देवघरापुरती ठेवा म्हटलं, त्यावर हसल्या.

जिभेच्या गाठीचा रिपोर्ट मी लांबट पेशींचा खवलेदार कार्सिनोमा असा दिला. ऑपरेशन त्याप्रमाणे झालं, मानेसह. व्हिमेंटिनचा उल्लेख रिपोर्टच्या खालच्या भागात एका ओळीत आहे. ती ओळ बहुतेक कुणी वाचली नसेल.

उद्या कुणी फॉस्फेट असलेलं आणि नसलेलं केराटिन ८ वेगळं ओळखून पसरण्याचा अंदाज बांधायची पक्की तपासणी आणली, तर ती करायला काय लागेल? तुकडा. आणि तो नीट राखलेला. फॉस्फेट फार नाजूक असतं. तुकडा शरीराबाहेर आल्यावर तासन्‌तास तसाच पडला तर ते उडून जातं. छोट्या नर्सिंग होममधून अजूनही बायोप्सी सलाइनच्या बाटलीत येते, कधी स्पिरिटमध्ये, एकदा तर कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून, फॉर्मवर नाव आणि पुढे फक्त 'तुकडा'. डॉक्टरमित्रांना विनंती एवढीच की तुकडा काढल्याबरोबर फॉर्मॅलिनमध्ये टाका, तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिन घ्या, आणि व्रण कुठल्या बाजूला, किती दिवसांचा, तंबाखू खातात का, एवढं फॉर्मवर लिहा.

आणि वाचकांना. तोंडात व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर मलमं बदलत बसू नका, तुकडा काढून तपासा. कॅन्सर निघाला आणि पुढे मुंबईला, नागपूरला किंवा आणखी कुठे जायचं ठरलं, तर रिपोर्ट आणि स्लाइडसोबत मेणाचा ब्लॉकही आमच्याकडून मागून घ्या. जुन्या स्लाइडवर पुढे फारसं काही करता येत नाही. ब्लॉकमधून नवे सेक्शन निघतात, नवे मार्कर लागतात. तो उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. दुसऱ्या रुग्णालयात दिला तर पोच घ्या, आणि काम झालं की परत मागा.